पाऊस एकच, मग उपट्या भुईमुगालाच जमिनीत कोंब का फुटले?

कृष्णाकाठ (प्रश्न):
सातारा जिल्ह्यातील आमच्या मळ्यात या खरिपात अर्धा एकर उपटा (जमिनीवर न पसरता उभा वाढणारा) भुईमूग होता. पाने पिवळी पडू लागली होती आणि काढणी चार दिवसांवर आली होती. तेवढ्यात परतीचा पाऊस सुरू झाला आणि आठ दिवस रानाला वाफसा आला नाही. नंतर झाडे उपटली, तेव्हा बऱ्याच शेंगांना कोंब फुटलेले दिसले. एक शेंग फोडून पाहिली. दाण्याची गुलाबी साल टोकाशी तडकली होती, पांढरेशुभ्र मूळ जागा न मिळाल्याने टरफलाच्या आतून वळसा घेऊन फिरले होते आणि त्याचा शेंडा शेंगेच्या चोचीतून बाहेर आला होता.

शेजारच्या वावरात निमपसरी वाण आहे. पाऊस तोच, माती तीच, पण तिथे एकही शेंग उगवलेली नाही. आई सांगते की पूर्वीच्या पसऱ्या शेंगा काढल्याबरोबर पेरल्या तरी उगवत नसत. हा संप्रेरकांचा खेळ आहे असे कुणी म्हणाले. दाण्याने कधी उगवायचे हे संप्रेरके नेमके कसे ठरवतात? फुलोऱ्यात मी निम्म्या रानावर जिबरेलिक आम्ल असलेले टॉनिक फवारले होते. कोंब मात्र दोन्ही भागांत सारखेच आले आहेत. तरीही दोष त्या फवारणीचा असेल का?

वनस्पतिशास्त्र शिक्षिका:
आपले निरीक्षण फार मोलाचे आहे, कारण दोन वाणांना एकच पाऊस मिळाल्यामुळे पाणी हे एकमेव कारण असू शकत नाही, हे आपणच दाखवून दिले आहे.

दाणा तयार होताना सुरुवातीच्या काळात त्यात पेशींचे विभाजन वेगाने चालते आणि त्या टप्प्यावर सायटोकायनिन आणि ऑक्सिन ही संप्रेरके प्रमुख असतात. त्यानंतर दाणा भरू लागतो. याच सुमारास ॲबसिसिक आम्लाचे प्रमाण वाढते. या संप्रेरकामुळे दाण्यात साठ्याची प्रथिने जमा होतात, कोरडे पडल्यावरही पेशी जिवंत राहाव्यात म्हणून लागणारी संरक्षक प्रथिने तयार होतात आणि आतल्या अंकुराला उगवण्यापासून रोखले जाते. हे शेवटचे काम विशेष लक्षात घ्यावे, असे मला वाटते. भरत असलेल्या दाण्यात पाणी भरपूर असते, ऊब असते, अन्नही असते. उगवायला जे जे लागते ते सारे हाताशी असताना अंकुर थांबून राहतो, तो केवळ हा लगाम असल्यामुळे. (१९६० च्या दशकात कापसाच्या कोवळ्या बोंडांच्या गळतीवर संशोधन चालू असताना हे रसायन हाती लागले आणि त्याचे नावही गळतीवरूनच पडले. त्याचे बियाण्यातील काम मात्र कितीतरी मोठे आहे.)

लगाम नसेल तर काय होते, हे मक्यात स्वच्छ दिसते. मक्याच्या काही उत्परिवर्तित (जनुकात बदल झालेल्या) प्रकारांत दाणे कणसावरच उगवतात. त्यांपैकी काहींना ॲबसिसिक आम्ल पुरेसे तयारच करता येत नाही, तर काहींत ते तयार होते, परंतु दाणा त्याला दाद देत नाही. परिणाम दोन्हींत एकच.

दुसऱ्या बाजूला उगवणीला चालना देणारे जिबरेलिन असते; आपल्या टॉनिकातले जिबरेलिक आम्ल याच गटातले. जपानमध्ये भाताची रोपे विचित्र उंच वाढून कोलमडत असत. त्यामागे एका बुरशीने स्रवलेले द्रव्य आहे, हे कुरोसावा यांनी १९२६ मध्ये दाखवले आणि तेच पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले. वनस्पती ते स्वतःही तयार करतात. जवाचा दाणा मधोमध कापून अंकुर नसलेला अर्धा भाग ओला ठेवला, तर त्यातील पिष्ट जवळजवळ तसेच राहते. त्याच अर्ध्या भागाला जिबरेलिन दिले, की सालीखालचा पातळ थर अमायलेज हे पिष्ट फोडणारे विकर सोडतो आणि पिष्ट विरघळू लागते. म्हणजे कोठार उघडण्याचा निरोप अंकुराकडून येतो. पेशीमध्ये डेला नावाची प्रथिने वाढ अडवून धरतात आणि जिबरेलिन आले की ती नष्ट केली जातात. हरितक्रांतीतील बुटका गहू याच प्रथिनांतील बदलामुळे बुटका राहिला.

तेव्हा उगवणे किंवा न उगवणे हे कोणत्याही एका संप्रेरकाच्या मात्रेवर ठरत नाही. ॲबसिसिक आम्ल आणि जिबरेलिन यांच्या तोलावर आणि दाणा त्यांना किती दाद देतो यावर ते ठरते. भुईमुगात तिसरे नाव इथिलीन या वायुरूप संप्रेरकाचे घ्यावे लागते. ओल मिळताच उपट्या दाण्यातून इथिलीन अधिक प्रमाणात बाहेर पडते. सुप्त असलेल्या पसऱ्या दाण्यात ते कमी असते, आणि बाहेरून दिले तर तोही उगवू लागतो.

वेंगुर्लेकर:
थोडे विषयाच्या कडेने लिहितो. आमच्या खाडीत कांदळाचे (खारफुटीच्या एका झाडाचे) बी झाडावर असतानाच उगवते. फळातून हिरवी, लांब शेंगेसारखी दिसणारी कांडी लोंबते. ती शेंग नसून रोपाचाच खोडाकडचा भाग असतो. अशा झाडांच्या अंकुरात ॲबसिसिक आम्ल कमी आढळते. खाऱ्या चिखलात बी सुकून, निजून राहण्यापेक्षा तयार रोप पडणे त्यांच्या सोयीचे आहे. आपल्या रानात जे नुकसान ठरले, तीच खाडीतली रीत आहे.

बीजोत्पादक, धुळे:
ताईंनी कारण सविस्तर सांगितले आहे, म्हणून मी रानातली बाजू मांडतो. एस. बी. ११ किंवा टॅग २४ यांसारख्या उपट्या वाणांत ताज्या दाण्याला सुप्तावस्था (ओल मिळूनही काही काळ न उगवण्याची अवस्था) जवळजवळ नसते, तर कराड ४-११ सारख्या पसऱ्या वाणांत ती कित्येक आठवडे टिकते. आपल्या मातोश्रींचा अनुभव म्हणूनच अगदी खरा आहे. उपट्या वाणात सुप्तावस्था नसण्याचा एक फायदाही आहे: खरिपाचे बी लगेच पुढच्या हंगामाला वापरता येते. पसऱ्याचे ताजे बी पेरायचे असेल, तर इथेफॉनच्या द्रावणाची प्रक्रिया करतात, कारण त्यातून इथिलीन सुटते. दोन्ही गरजा भागाव्यात म्हणून हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेने दोन-तीन आठवड्यांपुरतीच सुप्तावस्था असलेले उपटे प्रकार तयार केले आहेत. माझ्या मते परतीचा पाऊस हमखास येणाऱ्या भागात वाण निवडताना उत्पादनाच्या आकड्याआधी हा गुण विचारावा.

काढणीचा दिवस पानांवरून ठरवू नका. ठिपक्यांच्या रोगानेही पाने पिवळी पडतात. चार-पाच झाडे उपटून शेंगा फोडाव्यात. बहुतेक टरफलांची आतली बाजू काळपट झाली असेल, तर पावसाचा अंदाज येताच काढून घ्यावे. कोंब फुटलेल्या शेंगा बियाण्यात मिसळू नका आणि ओल्या शेंगांचा ढीगही लावू नका, बुरशी धरते.

वनस्पतिशास्त्र शिक्षिका:
फवारणीचा प्रश्न राहिला होता. फुलोऱ्यात दिलेले जिबरेलिक आम्ल काढणीपर्यंत दाण्यात टिकून कोंब फोडेल, असे मला वाटत नाही. शिवाय न फवारलेल्या निम्म्या रानातही कोंब तितकेच आहेत, हा आपलाच पुरावा पुरेसा बोलका आहे. इच्छा असेल तर शेजाऱ्यांकडून निमपसऱ्याचे चाळीस ताजे दाणे आणून वीस-वीस दाणे ओल्या फडक्यात गुंडाळा आणि दोन झाकणाच्या डब्यांत ठेवा. एका डब्यात एक पिकलेले केळे ठेवावे, कारण पिकणाऱ्या केळ्यातून इथिलीन बाहेर पडते. दाण्यांना हवा मिळावी म्हणून दोन्ही डबे रोज क्षणभर उघडावेत.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दोन्ही डबे लावले आणि झाकणांवर तारीख लिहून ठेवली. सोबत आमच्या उपट्याचे वीस दाणे तिसऱ्या डब्यात केळ्याशिवाय ठेवले आहेत. सहाव्या दिवशी तिन्ही डब्यांतले कोंब मोजून आकडे इथेच लिहितो.