फिब्युलाच्या हाडातल्या इम्प्लांटभोवतीचं हाड झिजतंय, इम्प्लांट काढावाच लागेल का?

लातूरची_मी:
चार वर्षांपूर्वी खालच्या जबड्यात उजवीकडे अमेलोब्लास्टोमा (जबड्यातली गाठ) निघाला. कॅन्सर नव्हे, पण थोडा जरी राहिला तरी पुन्हा वाढतो, म्हणून जबड्याचा तेवढा भागच काढला आणि पायातलं फिब्युलाचं हाड कातडीसकट तिथे बसवलं. रेडिएशन लागलं नाही. पुढे त्याच हाडात तीन इम्प्लांट (दाताच्या मुळासारखे धातूचे खिळे), वर स्क्रूने बसवलेला नकली दातांचा ब्रिज. ज्वारीची भाकरी परत चावून खाता आली, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही.

आता मधल्या इम्प्लांटभोवती लालभडक मऊ मांस वाढलंय. ब्रश लागला की रक्त येतं, दुखत मात्र नाही. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड दोन मिलिमीटर उतरलंय, इम्प्लांट काढू. मला रात्रभर झोप नाही. इम्प्लांट काढला तर बसवलेलं हाडही जाईल का?

दंतवैद्य_पुणे:
ताई, आधी ती भीती काढून टाका. त्या हाडाला रक्त मिळतं ते पायातून सोबत आणलेल्या आणि मानेतल्या रक्तवाहिनीला जोडलेल्या धमनीतून. इम्प्लांटवर ते अवलंबून नाही.

ब्रिज बसवला तेव्हाचा एक्स-रे शोधा. पहिल्या वर्षी थोडं हाड उतरतंच. त्यानंतर वर्षाला 0.2 मिमीपेक्षा कमी झीज, हा 1986 पासूनचा निकष आम्ही अजून वापरतो. जुना एक्स-रे समोर नसताना नुसत्या 'दोन मिलिमीटर'वरून काढायचा निर्णय घेऊ नये. इम्प्लांट स्वतः हलत असेल तर मात्र काढावाच लागतो.

लाल मांसाचं म्हणाल तर, तिथे हिरडी नाहीये, पायाची कातडी आहे. ती जाड आणि हलती असते, इम्प्लांटच्या गळ्याला चिकटून बसत नाही. फटीत अन्न अडकतं, सूज येते आणि ती खोल हाडापर्यंत पोचली की हाड खाते. शिवाय फिब्युलाची उंची साधारण 12 ते 15 मिमी, मूळ जबडा त्याच्या जवळपास दुप्पट. म्हणून ब्रिजचे दात लांब करावे लागतात आणि चावताना इम्प्लांटवर तरफेसारखा ताण येतो. ब्रिज खोलून साफसफाई, वाढलेलं मांस काढणं, कातडी पातळ करून तोंडातल्या टाळूची त्वचा लावणं, हे सगळं आधी करून बघतात. नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही.

कोल्हापूरकर:
आमच्या अण्णांचं तंबाखूमुळे जबड्याचं ऑपरेशन झालं, नंतर रेडिएशन. हे वाचणाऱ्यांत कुणाचं रेडिएशन झालं असेल तर कुठेही दात किंवा इम्प्लांट उपटून घेऊ नका. शेकलेलं हाड सहज भरून येत नाही, उघडं पडू शकतं. आधी ऑपरेशन केलेल्या सर्जनना विचारा. आणि तंबाखू, मिश्री कायमची बंद. अण्णांच्या ब्रिजखाली मी रोज रात्री बॅटरी धरतो, ते एका झुबक्याच्या बारीक ब्रशने साफ करतात.

लातूरची_मी:
जुना ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) सापडला. मूळ टीमकडे जाऊन ब्रिज खोलून घेतला. एक स्क्रू सैल होता, आणि ब्रिज कातडीला इतका टेकलेला की खाली ब्रश शिरायला जागाच नव्हती. तिथे पिवळा कडक थर. इम्प्लांट तिन्ही घट्ट आहेत! टाळूची त्वचा लावायचं ठरलंय. टाळू किती दिवस दुखतो?

दंतवैद्य_पुणे:
एक-दोन आठवडे चुरचुरतो. टाळूवर बसणारी प्लास्टिकची प्लेट आधीच करून घ्या, जेवताना फार बरं पडतं. आणि ब्रिज परत बसवण्याआधी खालून ब्रश जाईल एवढी फट करून मागा.