मदत हवी आहे: बाळाचा पहिला गाडीप्रवास, गंगापूर रोड (नाशिक) ते सिन्नर

नमस्कार मंडळी. बायकोला एक-दोन दिवसांत दवाखान्यातून सुट्टी मिळेल. बाळ-बाळंतीण दोघं छान आहेत. तिथून थेट सिन्नरला, तिच्या माहेरी जायचंय.

बाळासाठी मागे तोंड करून बसवायची कार सीट घेतली आहे. आमच्या जुन्या वॅगन-आरला आयसोफिक्स (कार सीट थेट अडकवायच्या गाडीतल्या कड्या) नाही, म्हणून मागच्या सीटवर गाडीच्या बेल्टनेच बांधली. पुढे एअरबॅग आहे, त्यामुळे तिथे ठेवायचा प्रश्नच नाही. पण बेल्ट जातो तिथे धरून हलवली की सीट बोट-दीड बोट सरकते. पुस्तिकेत एका इंचापेक्षा कमी लिहिलंय. गुडघा टेकवून, दाबून बेल्ट ओढला तरी तेवढंच. कुणाला ही युक्ती जमलीये का? नाशकात कुणी प्रत्यक्ष बसवून दाखवतं का?

दुसरं, थंडी. सासूबाई म्हणतात, दुपट्यात घट्ट गुंडाळून मांडीवरच घ्या. त्यांची काळजी खरी आहे, पण अचानक ब्रेक लागला तर हातांनी बाळ धरून ठेवता येत नाही, हे त्यांना कसं पटवू? मी अंगात पातळ कपडे, वर पट्टे घट्ट आणि त्यावरून दुपटं, असं ठरवलंय.

पट्टे खांद्याच्या पातळीला आहेत, तरी बाळाची मान पुढे झुकेल याची फार धास्ती वाटते. सीटचा कल कसा वाढवलात? नाशिकच्या द्वारका चौकापासून सिन्नरपर्यंत वाटेत मध्ये कुठे थांबलात?

अनुभवी आई-बाबांनी कृपया लवकर सांगा.