गावच्या स्मृतिफलकावर नावं कुणाची? हुतात्म्यांची की लढ्यात गेलेल्या सगळ्यांची?

डिचोलीची शिक्षिका:
नमस्कार. १८ जूनच्या गोवा क्रांतिदिनाला आमच्या हायस्कूलमध्ये गावच्या स्वातंत्र्यसैनिकांचा भिंतफलक लावायचा आहे आणि एका मुद्द्यावर आम्हा शिक्षकांचं अडलंय. नावं फक्त हुतात्म्यांची घ्यायची, की तुरुंगात गेलेल्या, पत्रकं पोचवलेल्या, भूमिगतांना जेवू घातलेल्या सगळ्यांची? मी सगळ्यांच्या बाजूची. का, ते सांगते.

लेक-जावई मेम्फिसला असतात. त्यांच्याकडे गेले होते तेव्हा त्यांनी मला मिसिसिपीकाठचं व्हिक्सबर्ग दाखवलं. अमेरिकेच्या यादवी युद्धात, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तरेची आणि दक्षिणेची राज्यं आपसात लढली तेव्हा, उत्तरेच्या जनरल ग्रँटने १८ मे ते ४ जुलै १८६३ या शहराला वेढा घातला होता. त्या टेकड्यांवर आता राज्याराज्यांनी आपापल्या सैनिकांसाठी बांधलेली स्मारकं आहेत. उत्तरेच्या बाजूच्या इलिनॉय राज्याचं १९०६ सालचं. चढायला ४७ पायऱ्या, वेढ्याच्या एकेका दिवसाची एक. आत गोल दालन, रोमच्या पँथिअनसारखा घुमट, घुमटाचा माथा उघडा, त्यातून ऊन थेट फरशीवर उतरतं. आणि भिंतीला लागून ब्राँझचे ६० फलक, त्यांवर ३६,३२५ नावं. त्या मोहिमेत असलेल्या इलिनॉयच्या प्रत्येक सैनिकाचं नाव. मेले त्यांचं, तसंच घरी परतून शेती करत म्हातारे झाले त्यांचंही. मी फलकावर बोट टेकवून एकेक नाव वाचत गेले. ऊन लागून धातू तापला होता, तरी बोट काढवेना.

त्यांत ९५व्या इलिनॉय पलटणीतला अल्बर्ट कॅशियर आहे. जन्माचं नाव जेनी हॉजर्स, मूळची आयर्लंडची. १८६२ साली पुरुष म्हणून भरती झाली, युद्ध संपेपर्यंत लढली, नंतरही अल्बर्ट म्हणूनच जगली. १९११ मध्ये मोटारीची धडक बसून पाय मोडला तेव्हा डॉक्टरांना कळलं. पुढे पेन्शनची चौकशी लागली, तर पलटणीतले म्हातारे सोबती अल्बर्टच्या बाजूने उभे राहिले आणि पेन्शन टिकलं. १९१५ साली दफन झालं ते गणवेशात. फक्त युद्धात पडलेल्यांची यादी केली असती, तर हे नाव त्या भिंतीवर आलंच नसतं.

तुमच्या गावात असा फलक असेल तर कसा केलाय, सांगा.

मडगावकर:
ताई, कल्पना पटली. पण सगळे म्हटलं की सगळेच येतात, हे धरून चला. त्याच व्हिक्सबर्गला मिझुरी राज्याचं स्मारक आहे, १९१७ सालचं. उंची ४२ फूट, कारण मिझुरीच्या ४२ तुकड्या तिथे होत्या, २७ उत्तरेकडून आणि १५ दक्षिणेकडून. मिझुरीच्या पलटणी जिथे एकमेकींसमोर लढल्या तिथेच ते उभारलंय, दोन्ही बाजूंसाठी मिळून. गावातल्या एखाद्या घरात एक भाऊ सत्याग्रही आणि दुसरा पोर्तुगीजांच्या नोकरीत असेल, तर काय कराल?

पेडणेकर:
मडगावकर, इथे गल्लत नको. ते घरातलं भांडण होतं, आपला लढा परकी सत्तेशी होता. पोर्तुगीजांचा शिपाई आणि सत्याग्रही एका दगडावर बसवायचे नाहीत, यावर मी ठाम आहे.

बाईंना मात्र एक सांगायचंय. 'आपल्या गावातून गेलेले' एवढंच धराल तर बाहेरून आपल्यासाठी आलेले राहून जातील. १५ ऑगस्ट १९५५ला पत्रादेवीला नि:शस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. त्यात पडलेले कर्नैलसिंग बेनिपाल पंजाबचे. आमच्या तालुक्याच्या वेशीवर त्यांचं रक्त सांडलं. त्यांना तुमच्या यादीत जागा कुठे?

डिचोलीची शिक्षिका:
पेडणेकर, बरं सुचवलंत. बाहेरून आलेल्यांचा वेगळा रकाना करते, तोही सगळ्यात वर. आणि मडगावकर, शिपायांचं नाव फलकावर नाही, यात मीही पेडणेकरांच्याच बाजूला. राज्याचं स्मारक म्हटलं तरी बाजू कुणाची घेतली हे विसरायचं नसतं. इलिनॉयनेच १ फेब्रुवारी १८६५ला गुलामगिरी संपवणाऱ्या १३व्या घटनादुरुस्तीला सगळ्यात आधी मान्यता दिली.

आणखी एक सांगायचं राहिलं. त्याच टेकड्यांवर मिसिसिपीच्या कृष्णवर्णीय सैनिकांचं स्मारक आहे. दोन सैनिक आणि एक शेतमजूर, मधला सैनिक जखमी, बाकी दोघांनी त्याला सावरलंय. मजूर मागे बघतो, गुलामगिरीकडे. सैनिक पुढे बघतो. ते उभं राहिलं २००४ साली! इलिनॉयवाल्यांनंतर ९८ वर्षांनी. ज्यांच्या सुटकेचा प्रश्न होता, त्यांचीच आठवण इतक्या उशिरा. म्हणून माझा आग्रह आहे की भूमिगतांसाठी रात्री-अपरात्री चूल पेटवणाऱ्या बायकांची नावं पहिल्याच फलकावर यावीत.

सत्तरी तालुक्यातला वाचक:
बाई, आमच्याकडे यादी केली तेव्हा आडनावांवरून लावली आणि पंचाईत झाली. अर्धा गाव गावकर! तुम्ही वाड्यांप्रमाणे लावा. व्हिक्सबर्गला पलटणी, तुमच्याकडे वाडे. मुलांना वाडे वाटून द्या, घरोघरच्या आज्या बोलत्या करतील. आणि पहिली यादी पेन्सिलने करा, फलक रंगवायला महिनाभर थांबा. यादी देवळाच्या मंडपात लावलीत की राहिलेली नावं लोक स्वतः येऊन सांगतात.

डिचोलीची शिक्षिका:
देव बरें करूं. वाड्यांप्रमाणेच करते. सोमवारी नववीच्या मुलांना वह्या देते.