मॉरिशसला गेलेल्या पूर्वजाचा शोध कसा घ्यावा?

खाडीकाठ_चिपळूण
आमच्या खापरपणजोबांचे थोरले भाऊ उसाच्या मळ्यावर कामाला म्हणून मुंबईहून बोटीने मॉरिशसला गेले, ते परत आलेच नाहीत. घरात एवढंच सांगतात. डिसेंबरमध्ये आम्ही तिकडे जातोय. टूरवाल्याच्या यादीत नुसते समुद्रकिनारे आहेत. कोकणातून गेलेल्यांची वस्ती कुठे आहे? जुन्या नोंदी मिळतात का?

माहेर_रत्नागिरी
दादा, मी लग्न होऊन इथे आले. नोंदी आहेत, पण आडनावावरून शोधलंत तर बहुधा काही हाती लागणार नाही. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये बोटींची रजिस्टरं जपली आहेत. त्यांत मजुराचा नंबर, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव. 1860च्या दशकापासून पुढच्या काहींचे फोटोसुद्धा! आडनाव सहसा लिहिलेलं नसतं, म्हणून आलेल्या माणसाचं पहिलं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. माझ्या सासरीही तसंच. तेव्हा त्यांच्या वडिलांचं नाव आधी काढा. घरी कुणाला ठाऊक नसेल तर त्र्यंबकेश्वरला तुमच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळी, म्हणजे घराण्यांच्या नावांची वही, बघा. गावाचं नाव कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं, तीनचार स्पेलिंगं करून बघा.

पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, म्हणजे हे मजूर बोटीतून उतरत ती जागा, चुकवू नका. 1834 ते 1920 या काळात जवळजवळ 5 लाख माणसं करारावर इथे आली. पण इथले भारतीय म्हटले की सगळ्यांना भोजपुरीच आठवतात, आपली थोडी माणसं त्यात हरवतात, आणि मला ते फार लागतं. त्यांना भेटायचं तर कास्कावेलला जा. 1896 साली हेन्रिएटात भिवाजी कुटुंबाने बसवलेला गणपती इथला पहिला मानतात. आज गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. सासूबाई दिवसभर क्रिओल, म्हणजे इथली बोलीभाषा, बोलतात, आरत्या मात्र मराठीतच, तोंडपाठ. इथल्या मराठी लोकांचा झाकरी नाच पहिल्यांदा बघितला तेव्हा आमच्या वाडीतला जाखडी नाचच समोर उभा राहिला.

सह्यभटक्या
ल मोर्नचा डोंगरही बघा. मादागास्कर, मोझांबिकहून आणलेले गुलाम मळ्यांतून पळून तिथे लपत. 1835 साली गुलामी संपली आणि मळेवाल्यांना माणसं हवी होती, म्हणून आपले लोक नेले. पोर्ट लुईत चागोस बेटांवरून 1968 ते 1973 दरम्यान हुसकावलेल्यांच्या वस्त्याही आहेत. त्यांच्याबद्दल तर कुणीच विचारत नाही.

खाडीकाठ_चिपळूण
ताई, आत्याला फोन केला. वडिलांचं नाव धोंडू, हे तिला पक्कं आठवतंय. इन्स्टिट्यूटला आधी कळवावं लागतं का?

माहेर_रत्नागिरी
हो, आधी ईमेल करून वेळ मागा आणि कामाच्या दिवशीच जा. आत्याला गावाबरोबर वाडीचं नावही विचारून ठेवा, एकाच नावाची गावं कोकणात ढीगभर आहेत.