मदत हवी आहे: वाढदिवसाला आत जाऊ की फाटकाशीच थांबू?

आम्ही नागपूरच्या मानेवाड्याचे. माझी तर्री-पोह्यांची गाडी आहे. लेकीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून मोठ्या शाळेत पहिलीला प्रवेश मिळाला. फी सरकारकडे, पण वाढदिवसांचं काय? शनिवारी तिच्या मैत्रिणीचा आहे, सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यात.

मागच्या पालकसभेत एकीनं विचारलं, "कुठे राहता?" मानेवाडा म्हटलं, तर "अच्छा, तिकडे" म्हणून मोबाइलमध्येच शिरली. पोहे विकायची लाज नाही मला, पण त्या बायांत हात कुठे ठेवावे तेच समजत नाही बाप्पा.

पोरगी जायचंच म्हणते. दोनशे-अडीचशेत काय न्यावं? घरची संत्रा बर्फी चालेल का, का हसतील? ज्यांची पोरं अशीच शिकतात, त्यांनी सांगा नं.