२६ जानेवारी प्रश्नमंजुषा : प्रश्न ७ ते १० बघून घ्या

शिल्पा (सांस्कृतिक समिती): प्रश्न ७ : "१९५० पूर्वी देशातलं शेवटचं अपील कुठे चाले?" उत्तर फेडरल कोर्ट टाकलंय. प्रिंटला देऊ?

ॲड. कर्वे (बी-५०३): नको, थांब. फेडरल कोर्ट १ ऑक्टोबर १९३७ ला सुरू झालं, पण मुख्यतः १९३५ च्या भारत सरकार कायद्याचा अर्थ लावायला. जमिनीचा, दत्तकाचा दावा हायकोर्टातून थेट लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे (ब्रिटिश राजाचं सल्लागार मंडळ) जायचा. त्यासाठी साधारण १०,००० रुपयांचा दावा आणि हायकोर्टाचं सर्टिफिकेट लागे. टिळकांच्या ताईमहाराज प्रकरणाचा (दत्तकाचा वाद) १९१५ चा निकाल तिथलाच.

पाटणकर काका: तिथे सगळे गोरेच ना?

ॲड. कर्वे: नाही काका. सय्यद अमीर अली १९०९ पासून होते, मुंबईचे दिनशा मुल्ला १९३० मध्ये तिथे नेमले गेले. बॅ. मुकुंदराव जयकर फेडरल कोर्टाच्या पहिल्या तीन न्यायाधीशांपैकी (बाकीचे दोघे सर मॉरिस ग्वायर आणि शाह सुलेमान). तेही १९३९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलवर गेले. पण यातल्या कुणाचं मत बेंचपेक्षा वेगळं होतं का, हे त्या निकालांतून कळत नाही. कौन्सिल राजाला 'सल्ला' देई, म्हणून एकच मत छापलं जाई.

नितीन (ए-१०२): लंडनला अपील जाणं १५ ऑगस्ट ४७ ला बंद झालं असेल.

ॲड. कर्वे: इथेच सगळे फसतात. १ फेब्रुवारी १९४८ पासून हायकोर्टांची दिवाणी अपिलं फेडरल कोर्टाकडे वळवली. प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार १० ऑक्टोबर १९४९ ला संपला; आधीच सुनावणीच्या यादीत असलेली काही प्रकरणं तेवढी तिथे निकाली निघाली. म्हणजे शिल्पा, तुझं उत्तर जेमतेम साडेतीन महिन्यांपुरतं खरं आहे 😄 प्रश्नात "१९४७ पूर्वी" घाल आणि उत्तर प्रिव्ही कौन्सिल कर.

शिल्पा: केलं. ८ : पहिले सरन्यायाधीश हरिलाल कणिया?

ॲड. कर्वे: बरोबर. फेडरल कोर्टातले न्यायाधीशच घटनेच्या कलम ३७४ नुसार सुप्रीम कोर्टात आले. उद्घाटन मात्र २८ जानेवारीला, संसद भवनात. स्वतःची इमारत १९५८ मध्ये मिळाली.

देशमुख (सी-२०१): ९ मध्ये सरन्यायाधीश म्हणून सर्वात दीर्घ कारकीर्द यशवंतराव चंद्रचूड, १९७८ ते ८५, ठीक. पण सोबत कारणही विचारा, मुलं नुसतं नाव पाठ करतात. निवृत्ती ६५ व्या वर्षी आणि सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेने. त्यामुळे पाळी आली तेव्हा हातात किती वर्षं उरली, यावर सगळं ठरतं. १९९१ मध्ये कमलनारायण सिंह यांना १७ दिवस मिळाले.

नितीन: ज्येष्ठता कायद्यात आहे?

देशमुख: घटनेत नाही, प्रथा आहे. म्हणून तर १९७३ मध्ये शेलत, हेगडे, ग्रोव्हर या ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून ए. एन. रे यांना नेमता आलं. तिघांनीही राजीनामे दिले. १९७७ मध्ये न्या. एच. आर. खन्नांचं तेच झालं.

शिल्पा: आणि १० : सुप्रीम कोर्टात न्यायाधीश किती? कुणी ३३ सांगतंय, कुणी ३४.

ॲड. कर्वे: कायद्यात आकडा सरन्यायाधीश वगळून लिहितात, त्यामुळे हा घोळ. १९५० मध्ये ७ अधिक १. २०१९ च्या दुरुस्तीत ३३ अधिक १. "सरन्यायाधीश धरून" असं छाप आणि "मंजूर पदं" म्हण. प्रत्यक्ष हजर आकडा प्रत्येक निवृत्तीला बदलतो.