पुढच्या काचेवर धूसर थर येतो, पुसूनही जात नाही – मदत हवी आहे

कणकुंबीवाट

नमस्कार मंडळी,

माझ्या गाडीच्या पुढच्या काचेवर पांढरट, धूसर थर साचतो. पुसला की दोन दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. दिवसा त्याचे फारसे काही वाटत नाही, परंतु पहाटे साडेचारला खानापूर सोडून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरताना समोरून ट्रक आला की सगळी काच दुधासारखी होते आणि रस्त्याची कडा दिसेनाशी होते. वडिलांना दर पंधरवड्याला गोव्यातील रुग्णालयात न्यावे लागते. गेल्या खेपेस एका वळणावर मला गाडी जागीच उभी करावी लागली आणि मागून येणारा टेम्पो अगदी जवळ येऊन थांबला. येत्या रविवारी पुन्हा निघायचे आहे. काचेचा फवारा, साबणाचे पाणी, हँड सॅनिटायझर हे सर्व करून झाले आहे. कृपया नेमका उपाय सांगावा. ‘काच नीट पुसा’ असे सांगू नये, कारण ते मी दर आठवड्याला करतोच आहे.

टिळकवाडीकर

थर काचेच्या आतून आहे की बाहेरून, हे तुम्ही लिहिलेले नाही. गाडी किती वर्षांची आहे, एसी चालू असताना थर वाढतो का, तो ओला आहे की कोरडा, हेही कळले पाहिजे. त्यावाचून उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होईल.

चंदगडी

हे बाष्प आहे, याविषयी मला शंका नाही. मी पावसाळ्यात आंबोलीवरून नियमित ये-जा करतो. गाडीतील माणसांच्या श्वासाने आणि ओल्या पायपुसण्यांनी आतली हवा दमट होते आणि तो ओलावा थंड काचेवर जमतो. एसी चालू करून हवेचा झोत काचेकडे वळवावा, आतलीच हवा फिरवण्याचे बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्यावी. दोन मिनिटांत काच स्वच्छ होते. पायाखालच्या चटया मात्र रोज उन्हात टाकाव्यात.

कणकुंबीवाट

थर आतूनच आहे. बाहेरचा असता तर वायपरने गेला असता. बाष्प नाही, कारण तो भर उन्हातही असतो. गाडी चार वर्षांची आहे, एसी व्यवस्थित आहे. काचेवरून बोट फिरवले की स्वच्छ रेघ उमटते आणि बोटाचे टोक किंचित बुळबुळीत लागते. कृपया उपायाकडे वळूया.

निपाणकर

तुमच्या गाडीत कोणी विडी-सिगारेट ओढते का? आमचा तंबाखूचा व्यापार आहे. वखारीच्या आवारात गाडी उभी असते आणि गिऱ्हाईक गाडीत बसून ओढतात. आमच्या काचेवर असाच चिकट थर येत असे. धुरातील डांबर काचेला धरून बसते आणि साध्या पाण्याने हलत नाही. गाडीत ओढायचे नाही, असा नियम केल्यावरच तो थांबला. चालकाला विश्वासात घेऊन एकदा विचारा.

कणकुंबीवाट

गाडी मीच चालवतो आणि आमच्या घरात कोणीही ओढत नाही.

अथणीची लेक

दादा, रविवारी निघण्यापूर्वी एक गोष्ट अवश्य तपासा. माझ्या गाडीच्या काचेवर असाच बुळबुळीत थर येत होता आणि मी चार महिने काचच पुसत बसले. साखर कारखान्याच्या चिमणीतून पडणारी काजळी आत येत असावी, असे समजून एसीची जाळीसुद्धा बदलली. शेवटी एका वयस्क मेस्त्रींनी डॅशबोर्डाखालच्या गालिच्यावर हात दाबून पाहिला, तर बोटे ओली झाली आणि त्यांना गोडसर वास आला. हीटरची छोटी जाळी गळत होती. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्यात, म्हणजे कूलंटमध्ये, ग्लायकोल नावाचे रसायन असते. त्याची वाफ झोताबरोबर काचेवर येऊन बसते आणि कितीही पुसले तरी पुन्हा येते. तुमच्याकडे तसे असेल, तर काचेपेक्षा इंजिनाला धोका मोठा आहे, कारण पाणी कमी होऊन ते घाटात तापेल. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटच्या डब्यातील पातळी खुणेपर्यंत आहे का, ते आजच पाहा. गरम असताना झाकण मुळीच उघडू नका.

उद्यमबाग कारागीर

अथणीच्या ताईंनी सांगितलेली तपासणी पहिली करावी, यात दुमत नाही. ती निर्दोष निघाली, तर पुढचे वाचा.

मी गाडीच्या आतील प्लास्टिकच्या भागांचे काम करतो. डॅशबोर्डचे आवरण मऊ राहावे म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळलेले असतात. उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड हात लावू नये इतका तापतो, तेव्हा त्यातील हलका अंश वाफेच्या रूपाने निघतो आणि थंड काचेवर पातळ तेलासारखा बसतो. कारखान्यांत याची रीतसर चाचणी होते. डीआयएन ७५२०१ या जर्मन मानकाच्या एका पद्धतीत नमुना काचेच्या भांड्यात १०० अंश सेल्सिअसला तीन तास तापवतात, वर २१ अंशांवर थंड ठेवलेली काच झाकतात आणि तिची चमक किती मंदावली ते मोजतात. तुमची गाडी उन्हात दररोज हेच करत असते.

तरीही चार वर्षांच्या गाडीत दोन दिवसांत थर परत येणे मला खटकते. नव्या गाडीत हे अधिक होते आणि पुढे कमी होत जाते. म्हणून दोन प्रश्न विचारतो. डॅशबोर्डला चकाकीचे पॉलिश लावता का? आणि काच कोणत्या कापडाने पुसता?

कणकुंबीवाट

कूलंट खुणेवर आहे, गालिचा कोरडा आहे आणि कसलाही गोड वास नाही. ताई, आपले मनापासून आभार. रात्री ते पाहूनच झोपलो.

वॉशिंग सेंटरवाले दर वेळी पॉलिश लावतात. कापड एक पिवळे मऊ कापड आहे, जे दाराच्या खणात असते. त्यानेच आधी डॅशबोर्ड आणि मग काच पुसतो. कापडाचा येथे काय संबंध?

उद्यमबाग कारागीर

सगळा संबंध तिथेच आहे. अशा पॉलिशमध्ये बहुधा सिलिकॉनचे तेल असते. डॅशबोर्डवरचे तेल कापडात मुरते आणि त्याच कापडाने तुम्ही ते काचेवर सारवता. ओलसर असेपर्यंत काच लख्ख दिसते आणि वाळली की थर जसाच्या तसा असतो. ते कापड आजच बाजूला काढा.

तीन धुतलेली, कोरडी मायक्रोफायबर कापडे घ्या. ती धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य वापरू नका, त्याचाही लेप धाग्यांवर राहतो. गाडी सावलीत, काच थंड असताना घ्या. पहिले कापड भांडी धुण्याच्या द्रव साबणाचे दोनच थेंब घातलेल्या कोमट पाण्यात भिजवून पुसा, दुसऱ्याने नुसत्या पाण्याने आणि तिसऱ्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन. अल्कोहोल थेट काचेवर फवारू नका, खाली ओघळले तर डॅशबोर्डवर डाग पडतात. ते पेट घेणारे आहे, म्हणून चारही दारे उघडी ठेवा. देवासमोर उदबत्ती लावली असेल, तर आधी विझवा.

टिळकवाडीकर

एवढ्या खटाटोपाची आवश्यकता नाही. पाणी आणि पांढरे व्हिनेगर समप्रमाणात घेऊन वर्तमानपत्राच्या कागदाने पुसावे. तीस वर्षे मी हेच करतो आहे आणि माझी काच आरशासारखी आहे. सॅनिटायझरमध्येही अल्कोहोलच असते. ते यांनी वापरले आणि उपयोग झाला नाही, हे त्यांनीच लिहिले आहे.

उद्यमबाग कारागीर

काका, व्हिनेगर पाण्यातील क्षारांच्या डागांवर उत्तम चालते, परंतु सिलिकॉनच्या तेलावर त्याचा जोर चालत नाही. तुम्ही डॅशबोर्डला पॉलिश लावत नसाल, म्हणून तुम्हाला ते पुरते. सॅनिटायझरची गोष्ट वेगळी आहे. हात कोरडे पडू नयेत म्हणून त्यात ग्लिसरीन असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते १.४५ टक्के आहे. अल्कोहोल उडून जाते आणि ग्लिसरीन काचेवर राहते. यांनी एका थरावर दुसरा चढवला आहे.

टिळकवाडीकर

पॉलिश मी लावत नाही, हे खरे. ग्लिसरीनचा मुद्दा मला मान्य आहे. कागदाचा मात्र मी सोडणार नाही, कारण त्याचा धागा सुटत नाही.

चंदगडी

काचेवर गडद फिल्म लावली, तर समोरच्या प्रकाशाचा त्रासच राहणार नाही.

अथणीची लेक

दादा, हा सल्ला कृपया देऊ नका. पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, असा मोटार वाहन नियम आहे आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मवर बंदी घातली. शिवाय अंधाऱ्या घाटात गडद काच म्हणजे संकटाला आमंत्रणच.

कणकुंबीवाट

शनिवार, रात्र.

दुपारी चिंचेच्या सावलीत गाडी लावून दोन तास काम केले. पहिल्या कापडावर राखाडी पिवळसर पट्टा उमटला, तो पाहून मी थक्क झालो. चार वर्षे मी तो काचेवर इकडून तिकडे फिरवत होतो. साबण-पाणी दोनदा करावे लागले. मग अल्कोहोलने आतून उभे हात मारले आणि बाहेरून आडवे, म्हणजे फराटा राहिलाच तर तो कोणत्या बाजूचा आहे हे कळावे. काचेवर तोंडाची वाफ सोडून पाहिली. आधी अशा वाफेत पुसल्याचे गोल गोल फराटे दिसत असत. आज ती एकसारखी उमटली आणि एकसारखीच विरली. रात्री समोरच्या घरचा ट्रॅक्टर दिवे लावून उभा करायला सांगितला, तेव्हा त्याच्या दिव्यांच्या कडा स्पष्ट दिसल्या. वॉशिंग सेंटरला पॉलिश नको म्हणून आजच सांगून आलो.

फक्त काच डॅशबोर्डला मिळते, तेथे खाली चार बोटांची पट्टी राहिली आहे. तेथे तळहात वळत नाही आणि बोटे पोहोचली तरी जोर लागत नाही. उद्या पहाटेपूर्वी ती कशी काढावी?

अथणीची लेक

चालकाच्या जागेवरून प्रयत्न करू नका, स्टिअरिंग आडवे येते. शेजारच्या सीटवर बसा, हात उलटा करा म्हणजे हाताची पाठ डॅशबोर्डवर टेकेल, आणि मुलांच्या शाळेच्या लाकडी पट्टीला कापड गुंडाळून ती काचेवर सरकवा. धातूची पट्टी घेऊ नका.

कणकुंबीवाट

पट्टी मिळाली. बॅटरी घेऊन खाली जातो आहे.